एकच प्रथिन, न जुळणाऱ्या दोन याद्या: जोडीदार शोधण्याची पद्धत निवडताना

पार्श्वभूमी

मज्जासंस्थेच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात, एकमेकांशी नातं नसलेल्या काही कुटुंबांमध्ये एकाच जनुकात एकच बदल सापडला. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाबद्दल तोवर फारसं काही लिहिलं गेलेलं नव्हतं. या लेखात त्याला प्रथिन क म्हणू. आजार, प्रयोगशाळा आणि प्रथिनं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. या प्रकरणात माझं काम मास स्पेक्ट्रोमेट्रीतून (वजनावरून प्रथिनं ओळखण्याच्या तंत्रातून) येणाऱ्या आकड्यांचं विश्लेषण करण्याचं होतं. त्यामुळे प्रयोगांपेक्षा त्यामागचे वाद मी जास्त जवळून पाहिले.

क हे आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) पटलात रुतून बसणारं प्रथिन आहे. प्रयोगशाळेत सगळे तिला ईआरच म्हणतात, तेव्हा इथेही तेच. प्रथिनाच्या अमिनो टोकाचा, म्हणजे सुरुवातीचा, छोटासा तुकडा ईआरच्या पोकळीत राहतो. मग एक पटलपार भाग येतो आणि उरलेलं सगळं पेशीद्रवाच्या बाजूला लोंबकळतं. कार्बॉक्सी टोकाजवळ, म्हणजे शेवटाकडे, रिंग डोमेन नावाचा एक भाग आहे. रिंग डोमेन दिसलं की पहिला अंदाज युबिक्विटिन लायगेजचा: दुसऱ्या प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढवायची आणि त्याला प्रोटिअझोमकडे, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे, विल्हेवाटीसाठी पाठवायचं.

रुग्णांमधला बदल मात्र रिंगमध्ये नव्हताच. पटल आणि रिंग यांच्या मधल्या पट्ट्यात लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी ग्लुटामिक आम्ल आलं होतं, म्हणजे धनभाराच्या जागी ऋणभार. रिंग शाबूत असूनही माणूस आजारी पडतो, तर त्या मधल्या पट्ट्याला कुणीतरी धरून असणार. ते कोण, आणि भार उलटल्यावर नेमका कुणाचा हात सुटतो, हे गटाला शोधायचं होतं.

अडचण

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे 20,000. त्यांच्या शक्य जोड्या मोजल्या तर आकडा 20 कोटींच्या आसपास जातो. इतक्या जोड्या एकेक करून तपासणं शक्य नाही, म्हणून गटाने आधी तयार नकाशे उघडले.

पहिला नकाशा यीस्ट टू-हायब्रिडचा. ही पद्धत 1989 मध्ये स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी मांडली. जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाचे दोन तुकडे करायचे, एक आमिषाला (ज्याचा जोडीदार शोधायचा त्या प्रथिनाला) आणि दुसरा संभाव्य जोडीदाराला जोडायचा. दोघं एकत्र आले तरच तुकडे जवळ येतात आणि यीस्ट वाढतं. याच तत्त्वावर 2020 मध्ये मानवी प्रथिनांचा ह्युरी नावाचा मोठा नकाशा आला, त्यात सुमारे 53,000 आंतरक्रिया आहेत. दुसरा नकाशा बायोप्लेक्सचा. तिथे मानवी पेशीत टॅग (जास्तीचा जोडलेला तुकडा) लावलेलं प्रथिन बनवतात, पेशी फोडतात, टॅगला धरून प्रथिन ओढून काढतात आणि सोबत आलेल्यांना मास स्पेकवर ओळखतात. हेच पुलडाउन. 2021 च्या आवृत्तीत 293टी या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये सुमारे 1,18,000 आंतरक्रिया नोंदल्या आहेत.

यीस्टवर आधारलेल्या यादीत क सोबत दोन-तीन ई2 विकरं होती. युबिक्विटिन ज्यांच्याकडून लायगेजकडे येतं तीच ही. पुलडाउनच्या यादीत ईआरमधली चॅपरोन प्रथिनं (इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारी) होती आणि काही पटल-प्रथिनं. दोन्ही याद्यांत सामाईक असं एकही नाव नव्हतं.

बैठकीत गटप्रमुख म्हणाले, "दोन्हीपैकी एक यादी चूक असणार. कुठली ते आधी ठरवा, मग पुढे जाऊ." खोलीतल्या बऱ्याच जणांना ते पटलं. वरवर पाहता ते तर्कशुद्धही वाटतं. मला मात्र तिथेच गाडी चुकीच्या रुळावर चालली आहे असं वाटलं, कारण दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असू शकत होत्या.

ई2 आणि रिंग यांची गाठ मुळात सैल असते. युबिक्विटिन पोचवायचं, सुटायचं आणि नव्याने भरून यायचं हेच ई2 चं काम, घट्ट चिकटून राहिलं तर चक्रच थांबेल. यीस्टच्या केंद्रकात दोन्ही प्रथिनं भरपूर प्रमाणात बनतात आणि रात्रंदिवस एकमेकांसमोर असतात, त्यामुळे अशी सैल गाठही पकडली जाते. पुलडाउनमध्ये पेशी फोडून, पातळ करून, वारंवार धुताना ती निघून जाते. उलट, पटलात बसणारं अख्खं प्रथिन यीस्टच्या केंद्रकात नीट पोचतच नाही. त्यामुळे पटलातल्या पटलात होणाऱ्या भेटीगाठी त्या यादीत येणं अवघडच होतं. चॅपरोन प्रथिनांचंही तसंच. क गरजेपेक्षा जास्त बनवलं की ईआरची यंत्रणा ते सांभाळायला धावते आणि ती भेट यादीत चढते. ती भेट खरीच असते, पण क च्या रोजच्या कामाबद्दल ती काही सांगत नाही.

ज्ञात, पुन्हा पुन्हा सिद्ध झालेल्या जोड्यांचा एक संच घेऊन वेगवेगळ्या पद्धतींची परीक्षा 2009 मध्ये घेतली गेली होती. तेव्हा एकट्या कुठल्याही पद्धतीला त्यातला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमीच सापडला, आणि प्रत्येकीला सापडलेला हिस्सा वेगळा होता. खऱ्या जोड्यांवरही हीच गत असेल, तर क साठी दोन याद्या जुळल्या नाहीत यात आश्चर्य कसलं? हे मांडल्यावर "कुठली यादी खरी" हा प्रश्न मागे पडला. "आपल्याला कुठल्या प्रकारची भेट शोधायची आहे" हा प्रश्न पुढे आला. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि तो एकही पेशी न वाढवता झाला.

पर्याय

शोधायच्या भेटी दोन प्रकारच्या होत्या. एक, कायम सोबत राहणारा जोडीदार, ज्याला तो मधला पट्टा धरून असेल. दुसरी, लायगेजचं लक्ष्य. ते क्षणभर येतं, खूण घेतं आणि नष्ट व्हायला जातं. पहिल्या प्रकाराला सौम्यपणे ओढून काढणारी पद्धत लागते. दुसऱ्यासाठी ती निरुपयोगी, कारण पेशी फोडेपर्यंत लक्ष्य उरलेलंच नसतं.

पटल-प्रथिनांसाठी यीस्ट टू-हायब्रिडचं वेगळं रूप आहे. त्यात युबिक्विटिनचेच दोन तुकडे वापरतात आणि भेट पटलावरच घडते. ते चर्चेत आलं, पण मानवी चेतापेशीतल्या लक्ष्याचा शोध यीस्टमध्ये घ्यायला कुणी राजी नव्हतं. दोन ठरावीक प्रथिनांची थेट गाठ तपासायला ते नंतर कामी येईल असं ठरलं.

पेशीतला अर्क आकारानुसार अनेक भागांत विभागायचा आणि कुठली प्रथिनं एकाच भागात सोबत उतरतात ते पाहायचं, अशीही पद्धत आहे. तिला टॅग लागत नाही हा मोठा गुण. पण क अगदी थोडं बनतं, आणि पटल-प्रथिनाभोवती डिटर्जंटचा गोळा जमून त्याचा आकारच फसवा होतो. हा पर्याय लवकर बाजूला पडला. रासायनिक आडबंधांनी प्रथिनं जागच्या जागी जखडून मास स्पेकवर नेण्याचा पर्यायही मुबलक प्रथिनांना मानवतो. क सारख्या तुरळक प्रथिनाचे आडबंध त्या गर्दीत हरवले असते.

उरल्या दोन पद्धती: पुलडाउन आणि सान्निध्य-लेबलिंग.

सान्निध्य-लेबलिंगमध्ये आमिष प्रथिनाला एक विकर जोडतात. ते बायोटिन हा छोटा रेणू सक्रिय करून आसपास सोडतं आणि जवळच्या प्रथिनांच्या लायसिनवर ते चिकटतं. ओल्या रंगाच्या भिंतीला जो टेकेल तो रंग घेऊन जाईल, तसं. 2012 मध्ये आलेल्या बायोआयडीचा पल्ला साधारण 10 नॅनोमीटर मानतात, पण लेबल पुरेसं चढायला 18 ते 24 तास लागतात. 2018 मधलं टर्बोआयडी तेच काम 10 मिनिटांत करतं. बायोटिन आणि त्याला पकडणारं, बीड्सवर चिकटवलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांची पकड इतकी चिवट असते की पेशी कडक डिटर्जंटमध्ये विरघळवल्या, बीड्स कितीही धुतले, तरी लेबल लागलेलं प्रथिन सुटत नाही. लक्ष्य येऊन निघून गेलं तरी अंगावर रंग उरतो. लायगेजच्या लक्ष्यासाठी हे आदर्श वाटत होतं.

दोन्ही पद्धती करायच्या असं ठरलं. खर्च आणि वेळ दुप्पट म्हणून विरोध झाला. पण एकच केली असती तर अर्धा प्रश्न अनुत्तरित राहिला असता, हे तोपर्यंत सगळ्यांना दिसत होतं.

टॅग कुठे लावायचा

हा तपशील छोटा वाटतो, पण त्यावर बैठकीत बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. अमिनो टोकाला टर्बोआयडी लावलं तर ते ईआरच्या पोकळीत जाऊन बसेल. तिथेही ते उत्तम चालतं आणि पोकळीतल्या प्रथिनांची सुरेख यादी देतं. फक्त ती यादी पटलाच्या भलत्या बाजूची असते. रिंग आणि तो मधला पट्टा पेशीद्रवात आहेत, म्हणून टॅग कार्बॉक्सी टोकाला हवा.

पण रिंग असलेल्या काही लायगेजमध्ये कार्बॉक्सी टोकाचे शेवटचे काही अमिनो आम्लच कामासाठी आवश्यक असतात, आणि टर्बोआयडी हा चांगला 35 किलोडाल्टनचा बोजा आहे. त्यामुळे मध्ये लवचीक दुवा ठेवला गेला. टॅगसह क स्वतःवर युबिक्विटिन चढवतं का, प्रथिननिर्मिती थांबवल्यावर ते टॅगशिवायच्या क इतक्याच वेगाने संपतं का, हे आधी तपासलं. दोन्ही जुळलं, मगच पेशी मास स्पेकच्या दिशेने गेल्या. सार्वजनिक नकाशे हजारो प्रथिनांवर एकाच साच्यात काम करतात, तिथे अशी चौकशी शक्य नसते. एका प्रथिनावर काम करणाऱ्या गटाला ती करता येते, आणि त्याचा फायदा पुढे पदोपदी दिसला.

पहिली फेरी

पुलडाउनसाठी क च्या स्वतःच्या जनुकात क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने छोटा टॅग घातला, म्हणजे प्रथिन नैसर्गिक प्रमाणातच बनेल. पेशी फोडायला डिटर्जंट कुठलं यावर दोन मतं होती. ट्रायटन एक्स-100 हाताशी होतं आणि स्वच्छ निकाल देतं, पण पटलातल्या नाजूक गाठी सोडवतं. डिजिटोनिन महाग पडतं आणि पार्श्वभूमीतला कचरा वाढवतं, पण गाठी टिकवतं. दोन्हींची छोटी चाचणी घेतली. डिजिटोनिनमध्ये एक पटल-प्रथिन दर खेपेला ठळकपणे आलं, ट्रायटनमध्ये ते जवळजवळ गायब. या प्रथिनाला ख म्हणू. प्रमाण नैसर्गिक असल्यामुळे चॅपरोन प्रथिनांची गर्दीही ओसरली.

लक्ष्य म्हणावं असं काहीच त्या यादीत नव्हतं. ते अपेक्षितच होतं.

टर्बोआयडीची पहिली फेरी मात्र फसवी निघाली. तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, घेतलं होतं पेशीद्रवात मोकळं फिरणारं टर्बोआयडी. क च्या बाजूला काही शे प्रथिनं सांख्यिकीदृष्ट्या पक्की ठरली. प्रत्येक खेप दुसरीशी जुळत होती, आलेख देखणे होते. कार्यानुसार वर्गीकरण केल्यावर सगळ्यात वर आलं "ईआर पटल". गटात उत्साह पसरला.

त्या यादीतून कळलं ते इतकंच की क ईआरच्या पटलावर राहतं, आणि ते आधीपासून माहीत होतं. ईआरच्या पृष्ठभागावर कुठेही टर्बोआयडी टांगलं असतं तरी थोड्याफार फरकाने हीच नावं आली असती. सांख्यिकीने दिलेलं उत्तर अचूक होतं, पण विचारलेला प्रश्न होता "पेशीद्रवाच्या मानाने क कुठे आहे?" सान्निध्याच्या प्रयोगात कंट्रोल हा प्रश्नाचाच भाग असतो. तो बदलला की प्रश्नच बदलतो.

कंट्रोल बदलण्याचा निर्णय

दुसऱ्या फेरीत टर्बोआयडीला सेक61-बीटा या प्रथिनाचं पटलात रुतणारं शेपूट जोडलं. म्हणजे विकर ईआरच्या पटलावर, पेशीद्रवाच्याच बाजूला, पण कुठल्याही विशिष्ट जोडीदाराशिवाय. आता प्रश्न झाला, "त्याच पटलावरच्या कुठल्याही जागेच्या मानाने क च्या शेजारी जास्त कोण?"

इथे प्रमाणाचा मुद्दा आला. कंट्रोल आमिषापेक्षा जास्त बनला तर तो सगळीकडे जास्त रंग फासतो आणि खरे शेजारी झाकले जातात. कमी बनला तर उलट. म्हणून दोन्ही पेशीप्रकारांत जनुक डॉक्सिसायक्लिन या औषधाने चालू होईल असं ठेवलं आणि मात्रा बदलत बदलत स्ट्रेप्टॅव्हिडिनचा ब्लॉट (बायोटिन लागलेली प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) सारखा दिसेपर्यंत जुळवली. तो ब्लॉट वाचायलाही सवय लागते. टर्बोआयडी नसलेल्या पेशींतही 130 आणि 75 किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टे दिसतात. ती पेशीची स्वतःची बायोटिनधारी कार्बॉक्सिलेज विकरं असतात, मुख्यतः मायटोकॉन्ड्रियातली. नवख्या विद्यार्थ्याने त्यांनाच लेबलिंग समजू नये म्हणून टर्बोआयडी नसलेल्या पेशींचा एक रकाना प्रत्येक जेलवर ठेवला गेला.

माध्यमाचाही प्रश्न होता. पेशी वाढवण्याच्या आरपीएमआय माध्यमात बायोटिन मुळातच असतं, डीएमईएममध्ये ते घातलेलं नसतं. टर्बोआयडी इतकं चपळ असतं की बायोटिन असलेल्या माध्यमात ते दिवसभर रंग उडवत राहतं आणि 10 मिनिटांच्या लेबलिंगला अर्थ उरत नाही. पेशी डीएमईएममध्ये वाढवल्या आणि सीरममधलं बायोटिनही कमी केलं.

मास स्पेकवर नमुने कुठल्या क्रमाने चढवायचे हे या फेरीत माझ्या आग्रहाने बदललं. आधी सगळे कंट्रोल आणि मग सगळी आमिषं, असं केलं की यंत्राचा दिवसभरातला चढउतार जीवशास्त्रासारखा दिसू लागतो. नमुने एकाआड एक, यादृच्छिक क्रमाने चढवले.

काही शे नावांची यादी दोन डझनांच्या आत आली. ख तिच्यात होतंच. देखणे आलेख गेल्याने थोडी निराशाही झाली, पण काम पुढे सरकलं ते इथूनच.

लक्ष्य पकडण्यासाठी

उरलेल्या नावांत शेजारी कोण आणि लक्ष्य कोण? इथे गटातल्या एका संशोधिकेने मांडलेली योजना मला आजही फार आवडते. तिने दोन आमिषं घेतली, नेहमीचं क आणि रिंगमधली झिंक धरणारी सिस्टीन ही अमिनो आम्लं बदलून निकामी केलेलं क. दोन्ही आमिषं दोन परिस्थितींत ठेवली, प्रोटिअझोम चालू आणि एमजी132 या रसायनाने बंद.

खरं लक्ष्य असेल तर चारही खणांत त्याने ठरावीक पद्धतीने वागायला हवं. नेहमीचं क आणि चालू प्रोटिअझोम: लक्ष्य नष्ट होतं, म्हणून कमी दिसतं. नेहमीचं क आणि बंद प्रोटिअझोम: साचतं, म्हणून वाढतं. निकामी क: खूणच चढत नाही, म्हणून प्रोटिअझोम चालू असतानाही जास्त दिसतं आणि एमजी132 ने फारसा फरक पडत नाही. साधा शेजारी असेल तर चारही खणांत जवळपास सारखाच राहतो. एमजी132 मुळे पेशी ताणाखाली येते आणि असंख्य प्रथिनांची पातळी हलते, म्हणून एकट्या एमजी132 च्या निकालावर भिस्त ठेवता येत नाही. चार खण एकत्र वाचले की हा गोंधळ बराच निवळतो.

या कसोटीला एकच प्रथिन पूर्ण उतरलं. त्याला ग म्हणू. ते लिपिड-निर्मितीशी संबंधित एक विकर आहे.

मग पडताळणी, आणि ती मुद्दाम मास स्पेक आणि बायोटिन या दोन्हींपासून दूर राहून. क काढून टाकलेल्या पेशींत ग ची पातळी वाढली आणि ते सावकाश संपू लागलं. क परत घातल्यावर पूर्ववत झालं. निकामी क परत घातल्यावर झालं नाही. शिवाय युबिक्विटिनची खूण थेट शोधली. ट्रिप्सिन या विकराने प्रथिनं तोडल्यावर युबिक्विटिनचे दोन ग्लायसिन लायसिनला चिकटून राहतात आणि त्या तुकड्याचं वजन 114 डाल्टनने वाढतं. ग च्या एका लायसिनवर ही खूण क असताना दिसली आणि नसताना जवळजवळ गेली. नेड8 सारखी युबिक्विटिनची भावंडंही अगदी हीच खूण मागे ठेवतात, म्हणून ग ओढून काढून त्यावर युबिक्विटिनच आहे हे ब्लॉटवर वेगळं दाखवलं. हे प्रयोग टर्बोआयडी नसलेल्या पेशींत केले, कारण बायोटिनही लायसिनवरच बसतं आणि युबिक्विटिनच्या जागा अडवू शकतं.

रुग्णांमधला बदल तपासताना

आता मूळ प्रश्न. लायसिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल असलेलं क घेतलं आणि दोन्ही पद्धती त्यावर चालवल्या.

टर्बोआयडीने सांगितलं, फारसा फरक नाही. ख तिथेच, तितकंच. ग किंचित वाढलेलं. डिजिटोनिन पुलडाउनने सांगितलं, ख जवळजवळ नाहीसं.

पुन्हा दोन याद्या, पुन्हा विसंगती. पण आता कुणी "यातली चूक कुठली" असं विचारलं नाही. क आणि ख दोघंही त्याच पटलावर, त्याच भागात राहतात. गाठ सुटली तरी दोघं 10 नॅनोमीटरच्या टप्प्यात वावरत राहिली, तर रंग लागतच राहणार. त्यातून टर्बोआयडीसारखं उत्साही विकर असेल तर लेबल लवकर भरून येतं आणि मधले फरक पुसले जातात. पुलडाउन मात्र हातात हात आहे की नाही तेवढंच सांगतं. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर चित्र असं उभं राहिलं: बदललेलं क योग्य जागी पोचतं, ख च्या आसपास राहतं, पण त्याला धरू शकत नाही.

एकटं टर्बोआयडी केलं असतं तर रुग्णांमधल्या बदलाने ख शी असलेल्या नात्यावर काही परिणाम होत नाही असा निष्कर्ष छापला गेला असता. एकटं पुलडाउन केलं असतं तर ग कधी दिसलंच नसतं.

गाठ खरोखर त्या लायसिनवर आहे का? अल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणक-प्रणालीने क आणि ख यांची जोडरचना भाकीत केली, तिच्यात तो लायसिन ख मधल्या एका ग्लुटामिक आम्लासमोर आला. भाकीत म्हणजे पुरावा नव्हे, पण त्यातून नेमकी चाचणी सुचली. ख मधल्या त्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन घातलं. असं ख नेहमीच्या क शी जुळेना, पण रुग्णांमधल्या क शी पुन्हा जुळलं. भारांची अदलाबदल झाली आणि गाठ परत बसली. पुलडाउनच्या ब्लॉटवर ती पट्टी परत उमटलेली पाहणं हा या कामातला सगळ्यात आनंदाचा क्षण होता.

फलित

रुग्णांमधल्या बदलामुळे क ची रिंग काम करत राहते, पण ख सुटतं आणि ख शिवाय ग वर खूण चढण्याचा वेग मंदावतो. रुग्णांच्या त्वचेपासून वाढवलेल्या पेशींत ग ची पातळी माफक वाढलेली आढळली. चेतापेशींत काय होतं ते अजून पाहायचं आहे, आणि आजार तिथला असल्याने ती उणीव मोठी आहे. ख हे ग ला क पर्यंत आणून देतं की क ला योग्य आकारात धरून ठेवतं, हेही ठरलेलं नाही. क आणि ग यांची थेट गाठ शुद्ध प्रथिनांवर दाखवता आलेली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ईआरवर टांगलेला कंट्रोल पहिल्याच फेरीत असायला हवा होता. पहिल्या फेरीतला मास स्पेकचा वेळ वाया गेलाच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या मोठ्या यादीतली आवडती नावं काही जणांच्या मनातून पुढे बराच काळ जाईनात. माझ्या मते कंट्रोल ठरवण्याआधी कागदावर एक वाक्य लिहावं: "अमुक ठिकाणच्या मानाने आमिषाच्या शेजारी जास्त कोण?" रिकामी जागा भरता आली नाही तर प्रयोग तयार नाही.

टर्बोआयडीच्या पेशींत मूळ क तसंच होतं. बिनटॅगचं क आणि टॅगवालं क ख साठी स्पर्धा करत राहिले. रुग्णांमधल्या बदलाचा परिणाम टर्बोआयडीला कमी दिसण्यात याचाही वाटा असू शकतो. मूळ क काढलेल्या पेशी नंतर बनवल्याच गेल्या, त्या आधी बनवून त्यांतच आमिष घातलं असतं तर ही शंका उरली नसती. लेबलिंगचा वेळ 10 मिनिटांहून कमी करून एक मालिका घेतली असती, तर गाठ सुटल्याचा सूक्ष्म फरकही कदाचित दिसला असता.

पेशींची निवड हाही वादाचा मुद्दा राहील. या प्रयोगांत वापरलेल्या 293 पेशी सोयीच्या असतात, भराभर वाढतात आणि सार्वजनिक नकाशांशी तुलना करता येते. पण बायोप्लेक्सच्याच गटाने 293टी आणि एचसीटी116 या दोन पेशीप्रकारांचे नकाशे शेजारी ठेवले तेव्हा बऱ्याच आंतरक्रिया एकातच दिसल्या. चेतापेशींचा आजार 293 मध्ये शोधताना एखादं चेतापेशीपुरतं लक्ष्य निसटलं असण्याची शक्यता उघडी आहे. स्टेम सेलपासून चेतापेशी बनवून निदान शेवटची, चार खणांची कसोटी तिथे घ्यावी असं मी सुचवलं होतं. ते काम आता सुरू आहे.

निकाल नोंदवतानाही एक निर्णय घ्यावा लागला. इन्टॅक्टसारख्या सार्वजनिक संग्रहात प्रत्येक आंतरक्रियेसोबत ती कुठल्या पद्धतीने सापडली आणि कुठल्या प्रकारची आहे हे लिहावं लागतं. मसुद्यात दोन्ही जोड्या एकाच प्रकाराखाली गेल्या होत्या. त्या सुधारून क आणि ख यांची नोंद पुलडाउनच्या आधारे भौतिक सहबंध म्हणून केली, तर टर्बोआयडीतून आलेली क आणि ग यांची नोंद फक्त सान्निध्य म्हणून. ग हे लक्ष्य असल्याचा पुरावा शोधनिबंधात स्वतंत्रपणे दिला आहे. कंट्रोलच्या सगळ्या फाइली, पहिल्या फेरीतल्या सुद्धा, मूळ आकड्यांसह जमा केल्या आहेत, म्हणजे दुसऱ्या कुणाला वेगळा कंट्रोल धरून तीच गणितं पुन्हा मांडता येतील.